नदीपलीकडचा शेजारी

शापोऱ्याचा किल्ला बघायला मोरजीच्या माणसाला कुठं जावं लागत नाही. टेंबावर उभं राहिलं की तो समोर असतोच. शापोरा नदी समुद्राला मिळते, तिच्या या अंगाला आमची वाळू आणि त्या अंगाला त्याची टेकडी. माथ्यावर जांभ्या दगडाचा तट, टेकडीचा चढउतार धरून वाकडातिकडा गेलेला. उन्हाळ्यात टेकडी करपून तांबूस झाली की तट कुठं संपला आणि माती कुठं सुरू झाली ते ओळखू येत नाही. पावसात सगळं हिरवं होतं आणि काळवंडलेला तट तेव्हा कुठं उठून दिसतो. अंतर म्हणाल तर हाकेचं. पण भेटायला जायचं तर चोपड्यापर्यंत मागं यायचं, पूल ओलांडून शिवोलीत उतरायचं आणि वळसा घालून त्याच्या पायथ्याशी पोचायचं. पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीची वाट बघायची. त्यामुळे मोरजीत जन्म काढून किल्ल्यावर एकदाही न गेलेली माणसं आहेत, आणि तरी तो त्यांना तोंडओळखीचा आहे.

पेशानं हा पहारेकरी. आदिलशाहीच्या काळातल्या जागेवर पोर्तुगिजांनी 1617 मध्ये त्याला उभा केला, बार्देशच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे लक्ष ठेवायला. नदीपलीकडे म्हणजे पेडणे महाल. म्हणजे आम्ही. त्याचा जन्मच आमच्याविषयीच्या संशयातून झाला. पण अंगात मग्रुरी नव्हती. 1684 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेपुढं त्यानं फारशी झुंज न देता दार उघडलं. पोर्तुगिजांनी 1717 मध्ये त्याची नव्यानं बांधणी केली, 1739 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांनी तो घेतला, दोन वर्षांनी परत दिला. मग 1788 मध्ये पेडणेच पोर्तुगिजांकडे गेलं, सरहद्द उत्तरेला सरकली, आणि ज्याच्यावर डोळा ठेवायचा तोच घरचा झाला. पहाऱ्याला कारण उरलं नाही. 1892 मध्ये पोर्तुगिजांनी तो सोडून दिला. पुढची शंभरेक वर्षं तो नुसता बसून होता. आतलं देऊळ म्हणजे सेंट अँथनीचं चर्च, तेही नाहीसं झालं. राहिला तट, कोपऱ्यांवरचे गोल बुरूज आणि मधलं मोकळं रान.

10 ऑगस्ट 2001 ला ‘दिल चाहता है’ आला आणि या बसून राहिलेल्या म्हाताऱ्याला काम मिळालं. फरहान अख्तरचा तो पहिलाच सिनेमा. आमिर खान, सैफ अली खान आणि अक्षय खन्ना हे तीन मित्र गोव्याला येतात आणि किल्ल्याच्या तटावर बसून समुद्राकडे बघत पुढच्या आयुष्याविषयी बोलतात. प्रसंग एवढाच. पण त्या एवढ्याशा प्रसंगानं किल्ल्याची ओळख बदलली. आता पुण्या-मुंबईहून आलेली पोरं त्याला सिनेमाच्याच नावानं विचारतात. भर उन्हात निसरड्या खडीवरून चढतात, तिघं तिघं मिळून तटावर पाय सोडून बसतात, चौथ्याकडे फोटो काढायला फोन देतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. कुणाचं कॉलेज संपलेलं असतं, कुणी परदेशी निघालेलं असतं. त्या तटावर त्यांना आपली मैत्री बघायची असते आणि ती त्यांना दिसते.

त्याच चढावर दुसरी माणसंही भेटतात, सहकुटुंब, घामाघूम झालेली. वर पोचून चहूकडे नजर टाकतात आणि म्हणतात, “वर काहीच नाही!” तोफ नाही, महाल नाही, पाटी नाही. एवढ्यासाठी एवढं चढवलंत?

गंमत अशी की आमच्या पेडण्यात त्या सिनेमाविषयी हेच वाक्य ऐकू येतं. “त्यात काहीच नाही. तिघं जण बोलत बसतात.” त्या वर्षी 15 जूनला ‘लगान’ आणि ‘गदर’ एकाच दिवशी आले होते आणि दोन्ही सिनेमे गावोगाव गाजले. ‘दिल चाहता है’ला मोठ्या शहरांनी डोक्यावर घेतलं, लहान गावांत त्याची तेवढी हवा झाली नाही. पणजीत आयनॉक्स आलं ते 2004 मध्ये, इफ्फीबरोबर. 2001 मध्ये पेडण्यातल्या माणसाला सिनेमा बघायचा तर म्हापसा गाठायचं, बसचे पैसे आणि परतीच्या शेवटच्या गाडीचा हिशेब डोक्यात ठेवून. असा माणूस पडद्याकडून काही मागणार. समोर तिघं श्रीमंत मुलगे गाडी काढून सहज गोव्याला येतात, आणि हा आपल्याच गोव्याच्या दोन तालुक्यांत फेरीबोटीसाठी थांबलेला.

पण नुसत्या परिस्थितीवर हे भागत नाही. पेडण्याची आवड घडली ती जत्रेत. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार सुरू होतो, ज्याला आम्ही दहीकाला म्हणतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग दंगा करत येणारा संकासुर, आणि मग आख्यान. रंगमंचावर सामान काय, तर एक लाकडी बाकडं. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, नायिका टेकली की उद्यानातली शिळा. पायपेटी, पखवाज आणि झांज, एवढाच ताफा. संहिता लिहिलेली नसते. बाप्ये स्त्रीपार्ट करतात आणि पहाटेच्या तीन वाजता पाठीवरच्या केसांचा शेपटा सावरत असं बोलतात की समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. पात्र प्रवेश करतं ते पखवाजाच्या बोलावर, आपण कोण हे सांगतं, आपलं दुःख तपशिलानं मांडतं, मग कुणी त्याला आव्हान देतं. बोलणं हेच तिथं घडणं असतं.

एका बाकड्यावर अख्खी राजधानी उभी करणारा हा प्रेक्षक आहे. त्याला रिकाम्या जागेची भीती नाही. त्याच्याकडे कल्पनाशक्ती कमी आहे असं कुणी म्हणू नये, मला ते सहन होणार नाही. तरी त्याला शापोऱ्याच्या तटावरच्या तिघांत काही दिसत नाही, कारण त्याच्या सवयीची रिकामी जागा शब्दांनी भरते. तटावरची जागा फरहान अख्तरनं शांततेनं भरायला ठेवली आहे. तिघं घरात बोलावं तसं बोलतात, मध्येच थांबतात, समुद्राकडे बघतात. ज्याचे मित्र लांब गेले आहेत किंवा जाणार आहेत, त्याला त्या थांबण्यात सगळं ऐकू येतं. जत्रेत तयार झालेला कान मात्र पेटीच्या सुराची वाट बघत राहतो, आणि सूर येत नाही.

हे उलटही होतं, आणि ते मान्य करायला आम्हाला जड जातं. 12 सप्टेंबर 2025 ला सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ आला, दिलीप प्रभावळकर त्यात दशावतारी कलावंत झालेले. अशा वेळी आमच्याकडचा माणूस थिएटरात शिरतो तोच अर्धा भरून आलेला. मुकुट दिसला, पखवाज वाजला, की गळा दाटतो. कथेची वीण कुठं सैल आहे का, हे बघायला डोळा मोकळा राहतच नाही. आणि शेजारी बसलेला एखादा जत्रेतला जुना जाणकार रंगभूषेतली रेघ, पदन्यास, बोलण्याची लकब तपासत असतो, त्याचंही कथेकडे लक्ष नसतं. पुण्यातल्या ज्या प्रेक्षकानं दहीकाला कधी पाहिला नाही, तो कदाचित त्या सिनेमाकडे आमच्यापेक्षा सरळ बघत असेल. आपलेपणाचं प्रेम असतं तसंच त्याचं पडळही असतं.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1757 मध्ये अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं ‘डॉन किहोते’मधली सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांची गोष्ट घेतली आहे. दोघांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण कातड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक हसले. पिंप रिकामं केल्यावर तळाशी कातडी वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली. ह्यूमला यातून सूक्ष्म चव म्हणजे काय ते सांगायचं होतं. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. दोघंही खरं बोलत होते, पण पुरी किल्ली एकालाही लागली नव्हती. सिनेमाला तारे देणाऱ्या समीक्षकांविषयी माझं भांडण इथंच आहे. अडीच तारे, साडेतीन तारे, या मताला पत्ता नसतो. हे कुठल्या गावच्या जिभेनं चाखलं, ती जीभ कशावर वाढली, ते सांगा. मग तुमच्या साडेतीनाचा मला उपयोग होईल.

किल्ला या बाबतीत फार उदार आहे. मोरजीला हिवाळ्यात रशियन पाहुणे येतात, हॉटेलांच्या पाट्यांवर त्यांची लिपी असते. ‘दिल चाहता है’ त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसणार. आमच्या वाळूवर बसून ते त्याच्याकडे बघतात तेव्हा त्यांना तो सूर्यास्ताशेजारची टेकडी वाटतो, आणि तेवढ्यावर ते तृप्त असतात. इतिहासाचा नाद असलेला माणूस वर जातो तो थेट उत्तरेच्या तटाकडे. तिथून नदीचं मुख, टेंब आणि मोरजीचा सगळा किनारा एका नजरेत येतो, आणि पहाऱ्याची जागा हीच का, ते न सांगता कळतं. नोव्हेंबर ते मार्चच्या दिवसांत त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसं घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करतात. सिनेमासाठी चढलेली पोरं बहुधा समुद्राकडच्या तटावरून परत फिरतात. त्यांना मी दोष देत नाही. तरी वाटतं, एवढे चढलात तर उत्तरेलाही दहा मिनिटं उभे राहा.

आणि आवड वयाबरोबरही सरकते. 2001 मध्ये त्या सिनेमाविषयी बोलणं व्हायचं ते आमिरच्या ओठाखालच्या दाढीविषयी, कपड्यांविषयी, गाडीविषयी. तेव्हाचे विशीतले प्रेक्षक आता चाळिशी ओलांडून गेले. त्यांच्याशी बोला, दाढीचा विषय निघत नाही. निघतो तो डिंपल कपाडियानं केलेल्या ताराचा. घटस्फोट झालेली, मुलीपासून दुरावलेली, एकटी राहणारी, दारूनं पोखरलेली ती बाई तेव्हा कथेतला अडथळा वाटली होती, आज तीच कथा वाटते. माझंही तसंच आहे. डिंपलनं नुसत्या डोळ्यांनी जे केलंय ते फार मोठं आहे. पण दिग्दर्शक तिला पुरतं बोलू देत नाही. तिचं दुःख आपल्याला कळतं ते बरंचसं सिद्धार्थच्या, म्हणजे अक्षय खन्नाच्या पात्राच्या, प्रेमातून, आणि तिचं मरण मित्रांच्या दिलजमाईच्या कामी येतं. दहीकाल्यात तारा आली असती तर तिनं बाकड्यावर बसून अर्धा तास आपली कैफियत मांडली असती, पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला असता आणि तिचं संपेपर्यंत कुणी मध्ये आलं नसतं. त्या सिनेमाविरुद्ध माझी तक्रार ही आहे, आणि ती मी नदीच्या या बाजूनं करतो आहे.