पटल दुभंगतं, पेशी विभागते

६ जानेवारी, महाड
अकरावीला पेशीविभाजन संपवलं. आधी रंगसूत्रं, मग तर्कू, शेवटी पेशीद्रव्याची फाळणी. तास सुटल्यावर पोलादपूरहून एसटीने येणारी मुलगी टेबलाशी थांबली. "मॅडम, आतलं सगळं काढून टाकलं, नुसतं पटल ठेवलं, तर ते विभागेल का?" परीक्षेत न येणारा प्रश्न. बरं वाटलं.

नुसतं पटल बनवणं तसं अवघड नाही. लेसिथिनसारखी फॉस्फोलिपिडं पाण्यात आपोआप दुहेरी थर धरतात आणि पोकळ गोळे होतात. इंग्लंडात अलेक बँगहॅम यांनी हे १९६०च्या दशकात दाखवलं. थराची जाडी जेमतेम चार-पाच नॅनोमीटर.

८ जानेवारी, महाड
त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं: विभागतं. जॅक झोस्टाक आणि टिंग झू यांनी २००९ मध्ये मेदाम्लांच्या गोळ्यांना आणखी मेदाम्ल पुरवलं. आवरण भराभर वाढलं, पण आतलं द्रव्य त्या वेगाने वाढेना. जादा आवरणाची शेपटी फुटली, शेपटीचा लांब दोरा झाला. पाणी जरा हलवलं की दोऱ्याचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा पुन्हा गोळा झाला. प्रथिन नाही, जनुक नाही.

११ जानेवारी, सव
रविवार म्हणून सावित्रीकाठच्या गरम झऱ्यांवर आले. हात धुताना साबणाचा फेस धड येईना. पाण्यातलं कॅल्शियम मेदाम्लांना पकडतं आणि त्यांचा साका होतो. झोस्टाक यांच्या गोळ्यांची अडचण नेमकी हीच. अशा गोळ्यात आरएनए ठेवायचा तर त्याच्या कामाला मॅग्नेशियम लागतं आणि मेदाम्लाचं पटल त्यानेच मोडतं. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सुधा राजमणी यांचा गट अशा आदिम पटलांवर काम करतो. मेदाम्लांत त्यांचीच अल्कोहोलं आणि ग्लिसरॉल एस्टरं मिसळली की पटल जास्त तग धरतं, असं त्यांना दिसलं.

१३ जानेवारी, महाड
प्रथिनं पटल कसं तोडतात हे पाहायला आयसरमध्येच थॉमस पुकाडिल काचेवर पटलाच्या बारीक नळ्या ओढतात आणि त्यांवर डायनॅमिन सोडतात. हे प्रथिन नळीभोवती वेटोळं घालतं, जीटीपीची ऊर्जा मिळाली की आवळतं आणि नळी तुटते. डायनॅमिनचं पेशीतलं मुख्य काम मात्र वेगळं: पेशीने आत ओढलेल्या पुटिका तोडणं. बहुतेक जिवाणूंत फाळणीच्या जागी एफटीएसझेड या प्रथिनाचं कडं बसतं. जर्मनीत २०२० मध्ये एका गटाने गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला प्रथिनं चिकटवली. तेवढ्याने पटलाला बाक आला, मान आवळली आणि एकाचे दोन झाले.

१६ जानेवारी, महाड
हे सारं वर्गात सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "पण मॅडम, दोन झाल्यावर त्या दोघांना कापणारं प्रथिन कोण देणार?"

खरी मेख तीच. आज ते प्रथिन माणूस बाहेरून घालतो. नव्या गोळ्याकडे ना त्याची कृती, ना ते बनवायची यंत्रणा. घरात भिंत घातली म्हणून भावांची वाटणी होत नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं चढावी लागतात.

अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६ मध्ये ४७३ जनुकांचा जिवाणू घडवला. तो जगला, वाढला, पण त्याच्या पेशी वेड्यावाकड्या आकाराच्या निघत. पुढे १९ जनुकं परत घातल्यावर विभाजन मार्गी लागलं. २०२१ च्या निबंधानुसार त्यांतली सात त्यासाठी गरजेची होती, आणि काहींचं नेमकं काम तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी हा धडा उलटा शिकवेन. आधी पटलाचं दुभंगणं, जे साबणाच्या भाऊबंदांनाही जमतं. मग रंगसूत्रांची नक्कल आणि मोजून केलेली वाटणी, जिच्यासाठी पेशी एवढा खटाटोप करते.