हातभर माती

आमची वडिलोपार्जित जमीन कृष्णेच्या कांठीं आहे. ती फार नाहीं. सारी मिळून साडेतीन एकर, आणि त्यांतले वीस गुंठे नदीला लागून असलेली मळी. सातबाऱ्यावर दादांचें आणि माझें अशीं दोघांचीं नांवें आहेत. कसणारे मात्र आधीं दादा आणि आतां त्यांचा मुलगा. मी जन्मभर मास्तरकी केली आणि सुटीत घरीं येऊन सल्ले दिले. त्या सल्ल्यांपैकीं एकाविषयींच येथें सांगावयाचें आहे.

गेल्या आषाढांतल्या झडीनें वाड्याची मागची भिंत बसली. पुतण्यानें खर्चाचा अंदाज काढला. आंकडा ऐकून वहिनींनीं हातांतली जपमाळ खालीं ठेविली. पुढें गौरी-गणपतीस सारें घर जमलें असतां त्यानें तोडगा सुचविला. शेजारच्या गांवचा एक वीटभट्टीवाला मळीतली वरची हातभर माती उचलून नेण्यास तयार होता. पैसे रोख; आणि जमीन आपली ती आपलीच राहणार. “माती काय अण्णा, पुराबरोबर गाळ येतोच. भरून निघेल,” असें पुतण्या म्हणाला. त्याचें म्हणणें अडाणीपणाचें नव्हतें. आमच्या शिवारांत कित्येक मळ्या अशा खणल्या गेल्या आहेत आणि आज त्यांवर ऊंस उभा आहे. फक्त माझी सही हवी होती.

मीं लगेच होकार दिला नाहीं. परंतु नकार देण्यासहि माझ्याजवळ कारण नव्हतें. अथर्ववेदांतलें भूमिसूक्त मी पाठशाळेंत असल्यापासून म्हणत आलों आहें. खणलेली भूमि लवकर भरून यावी अशी प्रार्थना त्यांत आहे. तें सांगितलें असतें तर पुतण्याचीच बाजू बळकट झाली असती!

दादांची नात कृषी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला आहे. ती कांहीं न बोलतां उठली, खुरपें घेऊन शेतावर गेली आणि बांधावरचें तुरीचें एक रोप मुळांसकट काढून तिनें ओसरीवर आणून ठेविलें. मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गांठी होत्या. तिनें नखानें एक गांठ सुटी केली आणि ब्लेडनें चिरली. आंत रक्तासारखें लाल! वहिनी “शिव शिव” म्हणून मागें सरल्या. “आजी, हा रंग आपल्या रक्तांतल्या रंगाच्याच कुळांतला आहे,” मुलगी हंसून म्हणाली. बाकीचीं माणसें पुढें वाकून पाहूं लागलीं. माझ्या मनांत मात्र १९८५ सालची दिवाळी उभी राहिली.

त्या सालीं मी नुकताच नोकरीस लागलों होतों. आमच्या परसांतलीं वांगीं खुरटून गेलीं होतीं. मुळें उपटून पाहिलीं तों गांठीच गांठी. आणि एका पत्रकांत मीं वाचलें होतें कीं, मुळांवरच्या गांठी हा सूत्रकृमींचा रोग होय. तेंहि खरेंच होतें. त्याच सुटीत मळीत फिरतांना दादांनीं पेरलेल्या हरभऱ्याचें एक रोप मीं सहज उपटलें, तों त्याच्याहि मुळांना गांठी! मग काय विचारतां! रोग रानभर पसरण्यापूर्वीं पीक मोडा, असा मीं दादांच्या मागें लकडा लाविला. “वडील म्हणत, हरभऱ्याचा बेवड चांगला,” एवढेंच दादा म्हणाले. मी हंसलों आणि त्यांना ओसरीवर बसवून सूत्रकृमींचा पाठ दिला. दुसऱ्या दिवशीं दादांनीं उभा हरभरा नांगरला. तेथें गहूं पेरला आणि माझ्याच सल्ल्यानें त्याला युरिया घातला. गहूं मोठा तरारून आला. ती गोष्ट मीं शाळेंत किती जणांस सांगितली असेल, तें आठवलें कीं आज कानकोंडें होतें. त्यानंतर त्या मळीत कडधान्य पडलें नाहीं. गव्हामागून ऊंस, उंसामागून खोडवा, आणि दर सालीं युरियाचें पोतें एकानें अधिक.

वांग्याची गांठ आणि हरभऱ्याची गांठ ह्यांतला भेद मुलीनें मला त्या दिवशीं मिनिटभरांत शिकविला. सूत्रकृमीची गांठ म्हणजे मूळच सुजलेलें असतें; ती मुळापासून वेगळी काढतां येत नाहीं. हरभरा, तूर, भुईमूग ह्यांची गांठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखानें अलगद सुटते. ती चिरून लाल निघाली तर आंत काम चालूं आहे असें समजावें.

तें काम कोणतें, हें मीं पुढें महिनाभर तिचीं पुस्तकें वाचून समजून घेतलें. आपल्या भोंवतालच्या हवेंत शंभरांतले अठ्ठ्याहत्तर भाग नत्र आहे. परंतु कोणत्याहि झाडाला तो हवेंतून घेतां येत नाहीं, कारण त्याचे अणु जोडीजोडीनें फार घट्ट बांधलेले असतात. ती जोडी फोडून खत करणारा पहिला मोठा कारखाना जर्मनींत १९१३ सालीं सुरूं झाला. त्याला चारपांचशें अंश उष्णता आणि हवेच्या दीडदोनशें पट दाब लागे. तेंच काम ह्या गांठींतले जीवाणू मातीच्या साध्या उबेवर करतात. शेंगांच्या पिकांना गांठींमुळेंच हवेंतला नत्र मिळतो, हें हेलरीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं पुढें मांडलें. आणि हॉलंडमधल्या बायेरिंक ह्यानें १८८८ सालीं ते जीवाणू गांठींतून वेगळे काढून वाढवून दाखविले. म्हणजे मीं दादांना पाठ दिला, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षें आधींच ही गोष्ट सिद्ध झालेली होती!

ह्या दोघांचें जुळतें कसें, हें तर एखाद्या सोयरिकीसारखें आहे. रोपाचें मूळ मातींत कांहीं विशिष्ट द्रव्यें सोडतें. तीं ओळखून जीवाणू आपल्याकडून दुसरें द्रव्य पाठवितात. तें पटलें कीं मुळाचा केंस वांकून त्यांना पोटांत घेतो. गोत्रेंहि पाहिलीं जातात! हरभऱ्याचा जीवाणू हरभऱ्याचा. तो भुईमुगाला चालत नाहीं. मग रोप त्याला साखर पुरवितें आणि तो रोपाला नत्र देतो. नत्र बांधणारें यंत्र मोकळ्या प्राणवायूनें बिघडतें. म्हणून तें लाल द्रव्य प्राणवायु धरून ठेवून बेतानें सोडतें. आणि एक गोष्ट मला फार लागली. जमिनींत नत्राचें खत भरपूर असेल तर रोप ह्या पाहुण्यांना घरांत घेत नाहीं. आयतें मिळत असतां साखर कशाला खर्चावी? मळीत आम्ही चाळीस वर्षें हेंच करीत आलों होतों.

दुसरी सोयरीक बुरशीची. फ्रांक नांवाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८५ सालीं तिला मायकोरायझा असें नांव दिलें. ज्वारी, गहूं, कांदा, आंबा, बहुतेक साऱ्या वनस्पतींच्या मुळांत ही बुरशी वस्तीला असते. मोहरी आणि कोबी ह्यांचें घराणें मात्र सोंवळें; त्यांच्याकडे ती नसते. केंसाहून बारीक तंतु मातींत दूरवर पसरून ती स्फुरद आणून देते, आणि मातीचे कण बांधून धरते. आपण ज्या मातीला रवाळ म्हणतों, तिच्या रव्यांत हें जाळें गुंतलेलें असतें. पहिल्या पावसाचा जो वास आपणां सर्वांस प्रिय आहे, तोहि मुख्यतः मातींतल्या सूक्ष्म जीवांनीं केलेल्या एका द्रव्याचा. १९६५ सालीं त्याचें नांव ठरलें, जिओस्मिन. मी त्याला आजवर पर्जन्याचा गंध म्हणत होतों.

आतां ह्या साऱ्याचा भट्टीशीं संबंध असा कीं, हा संसार बहुतांशीं वरच्या हातभर मातींतच असतो. खालीं जावें तों अन्न आणि हवा दोन्ही उणीं होत जातात. पुराचा गाळ वाईट नव्हे, हें मुलीनेंहि मान्य केलें; त्यांत अन्नद्रव्यें असतात. परंतु बुरशीचें जाळें, जुन्या मुळांच्या वाटा, गांडुळांचीं बिळें, कुजलेला पाला हें पुराबरोबर रचून येत नाहीं. त्याला वर्षें लागतात. आणि खालच्या मुरुमापासून नवी माती होण्यास तर इंचाला शेंकडों वर्षें.

रात्रीं मी दादांच्या खाटेशीं जाऊन बसलों. त्यांचें वय आतां शहात्तर. ऐकूं कमी येतें. हरभऱ्याची गोष्ट मला मोठ्यानें सांगावी लागली, त्यामुळें ती माजघरांतहि सर्वांनीं ऐकली. “त्या वेळीं मला अडविलें कां नाहींत?” मीं विचारलें. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “तूं शिकलेला. माझ्याजवळ काय होतें? वडिलांचें एक वाक्य.” माझ्या शिक्षणासाठीं दादांनीं सातवींतून शाळा सोडली होती, हें वाचकांस सांगितलें पाहिजे.

सही मीं केली नाहीं. भिंतीसाठीं माझ्या ठेवींतली रक्कम मोडून दिली. पुतण्यानें ती घेतली, परंतु तो म्हणाला, “अण्णा, तुम्हांला पगार होता, आतां पेन्शन आहे. आम्हांला ही मळीच आहे. पुढच्या पावसांत पुढची भिंत बसली तर?” ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि अजून नाहीं. भिंत बांधली गेली. तिला विटा लागल्याच. त्या कोणाच्या मळीच्या, तें मीं गवंड्यास विचारलें नाहीं.

कार्तिकांत मळीतले दहा गुंठे पुतण्यानें हरभऱ्यास दिले. दहांत ऊंस ठेविला. मुलीनें जीवाणूंचें पाकीट आणलें, गुळाच्या पाण्यांत कालविलें आणि बियाण्याला चोळून तें सावलींत सुकत घातलें. महिन्यानें पुतण्यानें चारपांच रोपें आपण होऊन काढून आणलीं आणि दादांच्या पुढ्यांत ठेवून गांठी नखानें फोडल्या. दोनतीनच लाल होत्या. बाकीच्या आंतून पांढुरक्या निघाल्या. “जुना युरिया अजून जमिनींत असेल,” मुलगी म्हणाली. दादांनीं एक लाल गांठ बोटांवर चिरडून पाहिली, बोट धोतराला पुसलें आणि घाटे धरूं लागले कीं अळीवर नजर ठेव, असें पुतण्याला बजाविलें.