आउवरकेर्क

आई इथे आली की ट्युलिप, पवनचक्क्या, ॲमस्टरडॅम असं सगळं पहिल्या दोन आठवड्यांत दाखवून होतं. मग प्रश्न पडतो, आता कुठे? यावेळी ती म्हणाली, समुद्राकडे जाऊ, पण गर्दी नको. म्हणून झेलांडमधल्या आउवरकेर्कला गेलो. (हा उच्चार मला अजूनही धड जमत नाही.)

गाव एवढंसं. विटांची घरं, एक चर्च, लख्ख पुसलेल्या खिडक्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. "दुपारी एक ते चार झोपतात वाटतं, आपल्यासारखे," इति आई. पक्की पुणेकर!

गावाबाहेर बांधाला लागून काँक्रीटच्या चार अवाढव्य करड्या पेट्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरतं बंदर उभारायला इंग्रजांनी अशा पोकळ पेट्या बनवल्या होत्या. त्याच प्रकारच्या चार इथे तरंगत आणल्या, बुडवल्या आणि ६ नोव्हेंबर १९५३ च्या रात्री बांधाचं शेवटचं भगदाड बुजवलं. पूर आला होता ३१ जानेवारीच्या रात्री. म्हणजे नऊ महिने समुद्र आत-बाहेर करत होता. २००१ पासून या पेट्यांमध्ये पुराचं संग्रहालय आहे.

मी आईला माझ्या पद्धतीने माहिती देत होते. उधाणाची भरती, त्यात वायव्येचं वादळ, शनिवारची रात्र, लोक झोपलेले, रेडिओ रात्री बंद. १८३६ माणसं गेली. इथले लोक त्याला नुसतं 'दे राम्प' म्हणतात, आपत्ती. कुठली, ते विचारावं लागत नाही. आपण नाही का नुसतं 'पानशेत' म्हणत!

हे मी सहज बोलून गेले. आई काहीच बोलली नाही.

दुसऱ्या पेटीत अंधार आहे आणि खाली वाळू. त्या वाळूवर गेलेल्यांची नावं उजेडाने उमटतात. आई तिथे थांबली ती थांबलीच. गुडघा दुखतो म्हणून एरवी दर दहा मिनिटांनी बाक शोधणारी बाई! मी म्हटलं, "चल गं, पुढे बसायला आहे." तर म्हणाली, "थांब. सगळ्यांची आहेत का बघू दे."

मग तिथेच हळू आवाजात तिने सांगितलं. १२ जुलै १९६१. ती नऊ वर्षांची. नारायण पेठेतला वाडा. पाणी येतंय म्हणून सगळे पर्वतीकडे निघाले, तेव्हा आजीने तिला खालच्या खोलीतल्या काकूंना सांगायला पाठवलं. काकू एकट्या, कानाने अधू. "मी जिन्यातूनच ओरडले, 'काकू, चला!' आणि पळाले. आत गेलेच नाही. आजीला सांगितलं, सांगितलं म्हणून."

पाणी उतरल्यावर वाड्याच्या जागी चिखल होता. काकू सापडल्या नाहीत.

पानशेतच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलेय. वाहून गेलेली भांडी, पर्वतीवरून दिसलेलं पाणी, गाळाने भरलेलं शिवणयंत्र. ही कधीच ऐकली नव्हती. काय बोलावं ते सुचेना. "तू नऊ वर्षांची होतीस," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "ते मला माहितेय."

पानशेतमध्ये किती माणसं गेली याचा नेमका आकडा आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. नावं तर दूरच. डच लोकांच्या नोंदी ठेवण्याच्या खोडीला मी किती नावं ठेवते, तो वेगळाच विषय. असो.

बाहेर आलो तर छान ऊन पडलं होतं. बांधावर मेंढ्या चरत होत्या. थर्मासमधला चहा काढला, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, काकूंचं नाव काय होतं?"

मला कसं ठाऊक असणार! तिने तिथूनच पुण्याला मामाला फोन लावला. मामा तेव्हा बारा वर्षांचा. पलीकडून बराच वेळ नुसती खरखर, मग त्याचा आवाज आला, "नाव? काकूच म्हणायचो की आपण."