विंचवाचं बिऱ्हाड टपावर

आमच्या गाडीच्या टपावर एक काळी पेटी असते. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये शेजारचा रिक्षावाला हमखास विचारतो, "साहेब, वर काय आहे?" मी सांगतो, "तंबू." मग पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे? घर नाही का?"

ट्रॅफिक सुटायच्या आत याचं उत्तर देणं अवघड आहे, म्हणून म्हटलं या वीकांताला लिहूनच टाकू.

तर मंडळी, घर आहे. डोंबिवलीत, वन बीएचके. बेडरूममध्ये आई-बाबा, हॉलमध्ये आम्ही दोघं. तक्रार अजिबात नाही, आमच्या अख्ख्या मजल्यावर हीच व्यवस्था आहे. पण हॉलमध्ये झोपणाऱ्या जोडप्याला रात्री शेवटची मालिका संपायची वाट बघावी लागते आणि पहाटे दूधवाल्याची बेल त्यांच्याच उशाशी वाजते. अनुभव असणाऱ्यांना जास्त सांगायला नको. हपिसचा कॉल असला की एक जण किचनच्या ओट्यापाशी आणि दुसरा जिन्यात. भांडायचं असलं तरी व्हॉट्सॅपवर भांडावं लागतं, आणि भांडण टाइप करून केलं की ते कधी मिटतच नाही!

मग दर दोन-तीन आठवड्यांनी कुठेतरी रिसॉर्ट, एका रात्रीचे चार हजार. शेवटी मी एक्सेल उघडलं. टपावरचा तंबू एक लाख दहा हजारांना मिळत होता. आतली गादी १४० बाय २४० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३६ चौरस फूट. भाव पडला चौरस फुटाला तीन हजारांच्या आसपास. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या स्वस्तात डोंबिवलीत दुसरी खोली मिळणार नाही. घे." बाबांनी "घर असताना लोक रस्त्यावर का झोपतात?" एवढंच विचारलं आणि पेपर वाचायला घेतला. आई काही बोलली नाही. तिला बहुतेक कळलं होतं.

हा प्रकार तसा जुना आहे. इटलीत १९५८ मध्ये टपावरचे तंबू विकायला आले. पुढे पूर्व जर्मनीत ट्रॅबंट नावाच्या चिमुकल्या गाडीवर बसणारा तंबूही निघाला. त्या गाडीचं इंजिन जेमतेम २६ अश्वशक्तीचं, तरी लोक त्यावर बिऱ्हाड टाकून सुट्टीला जायचे. त्यामुळे "याला मोठी एसयूव्हीच लागते" म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. गाडीची पुस्तिका मात्र मनावर घ्या.

आता थोडं इंजिनिअरिंग. पुस्तिकेत टपावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं. आमच्या गाडीचा आकडा ७५ किलो आहे. तंबू ५२ किलो, आडव्या दांड्या सहा किलो, एकूण ५८. मग रात्री त्यात आम्ही दोघं चढलो की काय? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं की तो ७५ चा आकडा धावत्या गाडीचा आहे. ब्रेक, वळण, खड्डा, वारा असे सगळे धक्के धरून काढलेला. उभ्या गाडीत वजन सरळ खाली खांबांवर जातं, तेव्हा टप त्याच्या कितीतरी पट सहन करतो. दांड्यांचं मात्र बघून घ्यावं लागतं, कारण खरा भार त्यांच्यावर असतो.

दुसरं म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि टपावर पेटी असली की हे पेट्रोलच्या काट्यावर लगेच दिसतं. वर ५८ किलो म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्यही वर, त्यामुळे घाटातल्या वळणावर शहाण्यासारखं हळू. तिसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीमधल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. म्हणून आम्ही टपाला एकही भोक पाडलं नाही, वेल्डिंग नाही. सगळं नटबोल्टवर, अर्ध्या तासात खाली उतरतं.

एवढं सगळं जमलं की उरतो खरा प्रश्न, आणि तो गाडीचा नसतोच. रात्री थांबायचं कुठे?

आपली नेहमीची वाट भंडारदऱ्याची. मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेतून नाशिक हायवेला लागणं सोपं झालंय. त्यात ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. कसाऱ्याच्या डोंगरातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट लागतच नाही. इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी. शनिवारी सकाळी निघालं की जेवायच्या आत प्रवरेवरचं विल्सन धरण समोर. १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण, मागे आर्थर लेक, वर कळसूबाई, १,६४६ मीटर.

बघताना वाटतं, केवढी जागा! कुठेही गाडी लावावी, शिडी खाली सोडावी, झोपावं. पण एकेक जागा घेऊन बघा. जलाशयाचा काठ? धरणासाठी संपादित झालेली जमीन, सरकारी. रतनवाडी-साम्रदकडचं जंगल? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिथे शिरणंच मुळात परवानगीनं, मुक्काम तर दूरच. भाताची खाचरं? कोणाची तरी पोटाची सोय. मोकळा माळ? बऱ्याचदा गायरान, म्हणजे गावाच्या गुरांचा. नॉर्वेत १९५७ पासून कायदा आहे, राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब, पडीक जमिनीवर, न विचारता तंबू ठोका. आपल्याकडे तसा हक्क नाही. आणि एवढ्या दाटीच्या देशात तो असावा का, याबद्दल मला शंकाच आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी अनोळखी माणूस शिडी लावून झोपला तर आमचे सेक्रेटरी त्याला काय म्हणतील याची कल्पना करून बघा. सेक्रेटरींवरून आठवलं, भिजलेला तंबू घरी आल्यावर उघडून वाळवावा लागतो, नाहीतर बुरशी. त्यासाठीही मला रीतसर अर्ज द्यावा लागला. पार्किंग क्रमांक १४, रविवार, दुपारी दोन ते पाच.

म्हणजे खोली विकत मिळाली, पण खोली ठेवायची जागा मागावीच लागते. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" ही म्हण आपण फार मोकळीढाकळी समजतो. ज्यांचं बिऱ्हाड खरोखर पाठीवर असतं त्यांच्याकडे बघितलं की वेगळं दिसतं. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. भात कापून झालेल्या शेतांत त्यांचे वाडे पडतात. घोड्यावर भांडी, अंथरूण, कोंबड्या, कधी लहान पोरही. पण ते वाटेल तिथे थांबत नाहीत. शेतकऱ्याशी बोलणं होतं, ठरलेल्या रात्री ठरलेल्या शेतात मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, वाड्याला धान्य किंवा पैसे. ज्या दिवसांत ते घाट उतरतात, त्याच दिवसांत आम्ही तंबू घेऊन घाट चढतो. फरक इतकाच की त्यांच्या मुक्कामानं जमीन सुधारते. वीकांतवाल्यांच्या मुक्कामानं काय होतं ते तळ्याकाठी सोमवारी सकाळी बघावं, चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटी, बाटल्यांच्या काचा.

म्हणून आमचं साधं ठरलंय. उजेड असताना गावात पोचायचं, घर बघून विचारायचं, आणि अंगणात गाडी लावायची. पैसे आधी बोलायचे. रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच, त्याचे वेगळे. बाथरूम त्यांचं वापरायचं. हे शेवटचं सर्वात महत्त्वाचं. "जंगलात कुठेही" हे पुरुषांचं स्वातंत्र्य आहे, बायकोनं हे मला पहिल्याच ट्रिपला स्पष्ट सांगितलं होतं. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन एकटीनं कुठे जायचं, हे ज्याला ठरवावं लागत नाही त्यानं अॅडव्हेंचरवर भाषण देऊ नये. अंगणात घराचा दिवा असतो, कुत्रं असतं, हाकेला माणूस असतं. आणि आपण जमिनीपासून सहा फुटांवर, म्हणजे विंचू, फुरसं, ओल, सगळं खाली!

गेल्या डिसेंबरात असंच एका अंगणात थांबलो होतो. पिठलं-भाकरी झाली. मी शिडी लावत होतो तेव्हा घरातल्या मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत खोली रिकामी आहे की. थंडीचं वर कशाला मरता?" मी वारा, चांदणं वगैरे काहीतरी सांगायला लागलो. बायकोनं मला थांबवलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, आमच्याकडे घरी खोली एकच आहे. त्यात सासू-सासरे."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "आमच्यातबी एकच व्हती. सासू, दीर, जावा, समदी तिथंच. लगीन झालं न आम्ही दोघं शेताच्या माळ्यावर जायचो. राखणीला."

माळा म्हणजे पिकाच्या राखणीसाठी चार खांबांवर बांधलेली माचण. वर गवताचं छप्पर, चढायला शिडी. पाखरं, रानडुकरं हाकलायला. "राखण कसली," मावशी म्हणाल्या, "डुकरं येऊन जायची, आमाला पत्ताबी नसायचा." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दोन गोधड्या आणून माझ्या हातात दिल्या.

इटलीच्या आधी, जर्मनीच्या आधी, आपल्याकडे टपावरचा तंबू होता तर. फक्त गाडी नव्हती. आम्ही वर चढलो, गोधड्या घेतल्या, आणि बऱ्याच दिवसांनी टाइप न करता बोललो. ऑनसाइटला जायचं की नाही, आई-बाबांचं काय, मोठं घर घ्यायचं तर कर्ज किती वर्षांचं, असं सगळं. काही मिटलं, काही नाही. पण न मिटलेलं दोघांनाही नीट ऐकू आलं.

राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. दुसऱ्यात गाडी लावायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या पार्कची कल्पना आहे. तशी पार्क झाली तर आनंदच आहे. पण मला पहिल्याकडून जास्त आशा आहे. नोंदणी केलेलं शेतघर, अंगणात दोन गाड्यांची जागा, एक बाथरूम, आणि पैसे थेट त्या घरात. बांधकामसुद्धा फार लागत नाही.

असो. कोणाला असा तंबू घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. गाडीची पुस्तिका वाचा, सोसायटीच्या पार्किंगची उंची मोजा (स्टॅक पार्किंग असेल तर विषय संपला), कचरा परत आणायला दोन मोठ्या पिशव्या ठेवा. आणि मुक्कामाला पोचलात की तळं किती लांब आहे हे विचारायच्या आधी बाथरूम कुठे आहे ते विचारा. बाकी सगळं आपोआप जमतं.