पहाऱ्याचा करार

आमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या दिंडीदरवाज्याला आंतून एक सागवानी अडसर असे. रात्रीं दहाच्या सुमारास तो भिंतीच्या एका खोबणींतून ओढून दुसऱ्या खोबणींत सारला कीं, घरांतल्या कर्त्या माणसाचें चोराविषयींचें कर्तव्य संपलें. त्या अडसराला वार्षिक देखभालीचा करार नव्हता. त्याची बॅटरी उतरत नसे. आणि अंगावरून पाल गेली म्हणून त्यानें मध्यरात्रीं सारी आळी जागी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पुढें वाडा पडला, त्या जागीं तीन मजल्यांची इमारत उभी राहिली आणि अडसराच्या ठिकाणीं साधें कुलूप आलें. तेंहि आम्हांला वीस वर्षें पुरलें. पण २०२१च्या दिवाळींत शेजारच्या इमारतींत भरदिवसां चोरी झाली, आणि ती बातमी पुण्यांत आम्हांला कळण्यापूर्वीं बंगळुरास आमच्या मुलीला कळली.

"बाबा, तुम्ही दोघें वर्षांतून तीन महिने माझ्याकडे असतां. घर कोणाच्या भरंवशावर सोडतां?"

"नानांच्या," आम्हीं सांगितलें.

"नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, बाबा."

या वाक्याला उत्तर नव्हतें. नाना म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. जन्मभर टपालखात्यांत नोकरी करून निवृत्त झालेले, एकटे, आणि झोंप अशी कीं मांजरानें उडी मारली तरी उघडावी. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला कित्येक वर्षें टांगलेली आहे. तिच्याबद्दल आम्हीं त्यांना कधीं कांहीं दिलें नाहीं, आणि त्यांनीं कधीं मागितलें नाहीं. बंगळुराहून परततांना आणलेली कॉफीची पूड सोडल्यास या पहाऱ्याचा कसलाच दस्तऐवज नव्हता.

आठ दिवसांनीं कंपनीचा माणूस आला. चोर घरांत शिरतांच विजेनें घंटा वाजवावी ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या ऑगस्टस पोप यानें १८५३ सालीं असल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि १८५७ सालीं एडविन होम्स यानें त्याचे हक्क विकत घेऊन त्यावर मोठा धंदा उभारला. आमच्याकडे आलेल्या गृहस्थाचा आविर्भाव मात्र असा होता कीं, ही वस्तु कालच सिद्ध झाली आणि ती प्रथम आम्हांलाच दाखविण्यांत येत आहे. दाराच्या चौकटीला कांचेची एक बारीक नळी आणि दाराला लोहचुंबक. तो जवळ असेपर्यंत नळींतल्या पत्र्या चिकटलेल्या राहतात, आणि दार उघडून तो दूर गेला कीं त्या सुटून घंटेला वर्दी मिळते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत एक पांढरी डबी. ती माणसाच्या अंगची ऊब ओळखते. वीज गेल्यास बॅटरी आहेच. शिवाय पेटींत सिमकार्ड असून, घंटा वाजतांच ती पेटी आपण दिलेल्या पांच क्रमांकांना एकामागून एक फोन करते.

"पहिला क्रमांक अशा माणसाचा द्या, जो पांच मिनिटांत दाराशीं पोंचेल," तो म्हणाला.

आम्हीं नानांचा क्रमांक दिला. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत म्हणून हें यंत्र आलें होतें, हें त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

पहिल्याच पावसाळ्यांत ती चोरघंटा (हें नांव आमच्या सौभाग्यवतींनीं ठेवलें) सात वेळां वाजली. सातहि वेळां गुन्हेगार पालच होती. त्या डबीच्या भिंगावरून पाल चालूं लागली कीं तिची इवलीशी हालचाल डबीला मनुष्याएवढी भासते, असा खुलासा पुढें झाला. सातहि वेळां नाना हातांत विजेरी आणि काठी घेऊन जिना चढून वर आले, आणि आम्ही घरांत असतांनासुद्धां आले. कारण फोन आला म्हणजे जायचें, एवढेंच त्यांना ठाऊक. तक्रार नोंदविण्यासाठीं फोन केला तेव्हां आमचा फोन कंपनीच्या दृष्टीनें किती महत्त्वाचा आहे हें एका मंजुळ आवाजानें आम्हांला वीस मिनिटें सांगितलें. आठव्या दिवशीं मुलगा आला, डबी पुसून गेला, आणि हा दोष करारांत बसत नाहीं असें लिहून गेला.

करार आम्हीं त्या दिवशीं प्रथम वाचला. पहिलें वर्ष फुकट. पुढें दरवर्षीं ४,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५,३१० रुपये. कराराचें नांव ‘सर्वसमावेशक’. त्यांत बॅटरीचा समावेश नाहीं, सिमकार्डाचा नाहीं, विजेच्या दाबांतील चढउतारानें झालेल्या हानीचा नाहीं, आणि किडेमुंग्या व सरपटणारे प्राणी यांच्यापासून उद्भवलेल्या बिघाडाचाहि नाहीं. मग ‘सर्व’ या शब्दांत काय शिल्लक राहतें हें पाहण्यासाठीं आम्हीं कोश उघडला नाहीं, इतकेंच. मात्र वर्षांतून चार वेळां माणूस येऊन यंत्र तपासील, बॅटरी मोजून पाहील, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना आम्हांला संकोच होतो. जानेवारी २०२४मध्यें जो मुलगा तपासणीस आला तो घामाघूम झालेला होता. दिवसाला नऊ-दहा घरें करावीं लागतात म्हणाला. सौभाग्यवतींनीं त्याला चहा-चिवडा दिला. निघतांना त्यानें दोन कागद पुढें केले. "काका, एप्रिलच्या भेटीचीहि सही आत्तांच देऊन ठेवा ना. मी येतोंच, पण सही आधीं असली म्हणजे वरचे बोलत नाहींत." आम्हीं सही दिली. गरीब मुलावर उपकार केल्याचें समाधानहि त्या दिवशीं वाटलें. एप्रिलमध्यें तो आला नाहीं, आणि आम्हांलाहि त्याची आठवण झाली नाहीं.

जुलैमध्यें आम्ही बंगळुरास होतों. एका रात्रीं पुण्यांत पाऊस कोसळत होता आणि आमच्या आळींतली वीज गेली. असल्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत, आणि आमच्या माळ्यासारख्या तापणाऱ्या जागीं त्याहूनहि लौकर, दम सोडतात. आमची अर्धमेली झालीच होती. वीज जातांच यंत्र भ्रमिष्टासारखें वाजूं लागलें, आणि उरलेल्या शक्तीनें त्यानें पहिला क्रमांक फिरविला. घरांत अनोळखी हालचाल होत असल्याचें एका ध्वनिमुद्रित बाईनें नानांना सांगितलें. ऐंशी ओलांडलेले नाना काळोखांत उठले, विजेरी घेतली, काठी घेतली, आणि जिन्याच्या वळणावर ओल्या पायरीवरून घसरले. समोरच्या बिऱ्हाडांतल्या मुलांनीं त्यांना उचललें. खुब्याचें हाड मोडलें होतें. चौथ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली.

आम्ही दुसऱ्या दिवशीं रात्रीं पोंचलों. कुलूप जसेंच्या तसें होतें. घरांत कोणी आलेलें नव्हतें.

कंपनीनें खेद प्रकट केला, कराराची मुदत तीन महिन्यांनीं वाढवून देऊं केली, आणि एका कलमाकडे लक्ष वेधलें: कंपनी ही विमा उतरविणारी संस्था नसून, कोणत्याहि कारणानें झालेल्या हानीबद्दल तिची जबाबदारी एका वर्षाच्या शुल्काहून अधिक असणार नाहीं. थोडक्यांत, कंपनी यंत्राची राखण करीत होती. घराची राखण यंत्रानें करावयाची होती. आणि यंत्राची चूक निस्तरावयाची नानांनीं. एल्फिन्स्टन साहेबानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या रखवालदाराची हकीकत आहे. चोरी झाली कीं त्यानें माग काढीत जावें. माग शेजारच्या गांवच्या शिवेंत शिरला तर तो त्या गांवच्या रखवालदाराच्या स्वाधीन करावा. आणि माग लावतां आला नाहीं तर गेलेल्या मालाची भरपाई रखवालदारानें ऐपतीप्रमाणें आणि उरलेली गांवानें करावी. प्रत्यक्षांत ही भरपाई क्वचितच पुरती वसूल होई, असेंहि तो लिहितो. त्या व्यवस्थेंत दुबळ्यावर किती जुलूम होत असेल याची कल्पना आम्हांला आहे, आणि ती परत यावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण माग आपल्या शिवेशीं आला हें तेथें कोणीतरी कबूल करीत असे.

आमचे एक वकील स्नेही म्हणाले, "२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे जा. सेवेंतील उणीव उघड आहे, आणि एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला शुल्कहि नाहीं. बॅटरी एप्रिलमध्यें तपासली नाहीं, एवढें दाखविलें कीं झालें." मग त्यांनीं एप्रिलच्या भेटीचा कागद मागितला, सही पाहिली, आणि चष्मा काढून ठेवला.

नानांना हें सांगावें कीं नाहीं याचा आम्हीं महिनाभर विचार केला. शेवटीं एका संध्याकाळीं, ते चौकटीचा आधार घेऊन खोलींत चार पावलें टाकीत असतां, सांगून टाकलें. ते थांबले. "टपाल हातीं न देतां पोंचपावतीवर सही घेतली, तर आमच्या खात्यांत माणूस घरीं बसत असे," ते म्हणाले. "आणि देणारा?" आम्हीं विचारलें. नाना त्यावर कांहीं बोलले नाहींत. पुन्हां चार पावलें चालून खुर्चींत बसले आणि म्हणाले, "परवां तुमची घंटा वाजली. मला फोन आला नाहीं."

"तुमचा क्रमांक आम्हीं काढून टाकला, नाना. आतां पहिला क्रमांक मुलीचा आहे."

"बंगळुराहून ती पांच मिनिटांत येणार?"

आम्हीं मान खालीं घातली. पाय मोडल्याबद्दल नानांनीं आम्हांला एक शब्द बोलून दाखविला नव्हता. पण क्रमांक काढल्याचें त्यांना लागलें, तें त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला आमची किल्ली तशीच टांगलेली होती. ती परत मागण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं, आणि त्यांनींहि ती काढून दिली नाहीं.

नव्या वर्षाच्या कराराचा कागद आमच्या मेजावर पडला आहे. बॅटरी आम्हीं पदरचे पैसे देऊन बदलली. कागदावर पांच क्रमांकांचे रकाने आहेत. खालचे चार भरून झाले आहेत.