न उघडणारा कप्पा

वीज जाणे ही आपल्याकडे बातमी नव्हे. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ उठते, तेलीबांधा तलावाकाठचे दिवे एकाएकी विझतात आणि काही वेळाने पुन्हा लागतात. पंख्याला त्याचे काहीच वाटत नाही. संगणकाची गोष्ट वेगळी. 'जतन करा' अशी आज्ञा दिली, तरी मजकूर तत्काळ डिस्कवर उमटतोच असे नाही. काही क्षण तो तात्पुरत्या स्मृतीत थांबतो. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर लिखाण अर्धवट राहते.

2019 च्या जूनमध्ये माझ्या घरी असेच घडले. संगणक सुरू झाला; परंतु हार्ड डिस्कचा दुसरा कप्पा, ज्याला पार्टिशन म्हणतात, तो उघडेना. सुपरब्लॉक सदोष असल्याची सूचना पडद्यावर येई. त्या कप्प्यात माझ्या आत्याची ध्वनिमुद्रणे होती. आत्याचे सारे आयुष्य रायपुरात गेले. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याआधी हा प्रदेश भोसल्यांच्या अमलाखाली होता. तेव्हापासूनची काही मराठी घराणी येथे आहेत. त्यांच्या मराठीत छत्तीसगढी शब्द इतके मुरले आहेत, की ते परके वाटत नाहीत. आत्या तलावाला 'तरिया' म्हणे. तिचे शब्द मी टिपत असे. मे महिन्यात ती गेली. जुन्या मुद्रणांच्या प्रती अन्यत्र होत्या. शेवटच्या दिवसांतील सात तास मात्र त्या कप्प्यातच होते.

भाचा संगणकाचे काम करतो. फोनवर तो प्रथम एवढेच म्हणाला, "मावशी, आता कशालाही हात लावू नकोस." अशा प्रसंगी काही संगणक 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारतात. इतक्या सभ्यपणे विचारलेला इतका घातक प्रश्न मी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी तो आला. डिस्कची तार नीट आहे का आणि डिस्कच झिजली आहे का, हे त्याने आधी तपासले. यंत्र धडधाकट होते. बिघाड नोंदींत होता. मग दुसऱ्या डिस्कवर त्याने संपूर्ण कप्प्याची जशीच्या तशी प्रत काढायला लावली. तिला पाच तास लागले. दुरुस्ती करायची ती प्रतीवर, मूळ कप्प्यावर नव्हे, हा त्याचा नियम. मला तो जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्या संशोधकांसारखा वाटला.

वाट पाहताना त्याने समजावून सांगितले. दुकानदार व्यवहार आधी कीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो. आमच्या संगणकातील 'ईएक्सटी4' ही फाइलव्यवस्थाही कोणते बदल करायचे ते आधी 'जर्नल' नावाच्या कीर्दीत लिहिते. वीज गेली तर परतल्यावर कीर्द वाचून खतावणी जुळवता येते. सुपरब्लॉक म्हणजे या वहीचे पहिले पान: कप्पा केवढा, नोंदी कोठे. ते पानच वाचता येत नसेल, तर कप्पा उघडण्यास नकार देणे हेच संगणकाचे शहाणपण. चुकीच्या हिशेबावर नवे लिहिले, तर जुने पुसले जाईल.

सुदैवाने या पानाच्या नकला डिस्कवर इतरत्र ठेवलेल्या असतात. पहिली नकल बहुधा 32768 क्रमांकाच्या ठोकळ्यात असते. भाच्याने आधी काहीही न बदलता नुसती तपासणी केली. मग ती नकल वापरून प्रतीची दुरुस्ती केली आणि कप्पा केवळ वाचण्यापुरता उघडला.

बहुतेक सारे जागेवर होते. मात्र ज्या फाइलींचे नाव व ठिकाण सांगणारी नोंदच नष्ट झाली होती, त्या 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या क्रमांकांनिशी पडून होत्या. आवाज शाबूत, नावे गेलेली. पुढचे चार दिवस मी त्या एकेक ऐकत बसले. एकीत आत्या तीजेला माहेरी जाण्याविषयी बोलत होती. दुसरीत ती कुणाला तरी ठासून सांगत होती, की आपला पोळा श्रावणी अमावास्येचा आणि इथला पोरा भादोंच्या अमावास्येचा. पण दिवस एकच, कारण इथे महिना पौर्णिमेला पालटतो. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. चाळीसेक मिनिटांचे मुद्रण सापडले नाही. या फाइलीचा क्रमांक पुसून मी तिला 'पोळा आणि पोरा' असे नाव दिले, आणि पुढची लावली.