शेवट ठाऊक असलेली गोष्ट

एखादी गोष्ट सांगून झाल्यावर तिच्या आधींची गोष्ट सांगण्याची रीत कांहीं नवी नाहीं. घरांतली आजी कथा सांगतां सांगतां मध्येंच थांबते आणि म्हणते, "पण बाळांनो, हा राजा एवढा हट्टी कां झाला, तें आधीं ऐका." मग मूळ कथा क्षणभर बाजूला राहते व पूर्वकथा सुरू होते. दोन्ही कथा आजीच्याच तोंडीं असल्यामुळें त्यांचा मेळ तिला सहज बसवितां येतो. परंतु मूळ कथा एकानें सांगितली, तिला पन्नास वर्षें लोटलीं, असंख्य लोकांना ती पाठ झाली, आणि मग दुसरेच कोणी तिची पूर्वकथा सांगावयास बसले, तर तो सांधा जुळविणें किती अवघड होत असेल! आमचे कांहीं विद्यार्थी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका आवडीनें पाहतात. तिच्या निमित्तानें ह्या सांध्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं सुरू झाली व ३ जून १९६९ रोजीं संपली. ह्या अवधींत तिचे ७९ भाग दाखविले गेले. 'एंटरप्राइझ' नांवाचें तारायान, त्याचा कप्तान कर्क व त्याचा शांत, तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक हीं नांवें पुढें जगभर झालीं. परंतु मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनीं १९६४ सालीं नमुन्यादाखल जो पहिला भाग तयार करविला, त्यांत कर्क नव्हताच. त्यांत कप्तान होता तो क्रिस्टोफर पाइक. दूरचित्रवाणी कंपनीस तो भाग पसंत पडला नाहीं. तिनें दुसरा नमुना मागविला. त्यांत स्पॉक राहिला, पाइक गेला आणि कर्क आला.

टाकून दिलेला तो भाग मात्र वायां गेला नाहीं. नोव्हेंबर १९६६ मध्यें 'द मिनॅजरी' ह्या दोन भागांच्या कथेंत तोच जुना भाग तेरा वर्षांपूर्वींची हकीकत म्हणून गुंफण्यांत आला. त्या कथेंत पाइक आपणांस भेटतो खरा, पण कोणत्या स्थितींत! शिकाऊ कॅडेटांच्या जहाजावर अपघात होऊन घातक किरणांनीं त्याचें शरीर जळून गेलें आहे. एका यंत्राच्या खुर्चींत तो निश्चल बसला आहे. त्याला बोलतां येत नाहीं. खुर्चीवरील दिवा एकदां लुकलुकला तर 'होय' आणि दोनदां लुकलुकला तर 'नाहीं', एवढीच त्याची भाषा. जीं मुलें जिवंत होतीं त्यांना बाहेर काढण्यासाठीं तो स्वतः आंत शिरला होता, ही गोष्ट तेथें अगदीं थोडक्यांत सांगून टाकलेली आहे.

ह्या थोडक्यांत सांगितलेल्या गोष्टीभोवतीं पुढें एक सबंध मालिका उभी राहिली. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' हें तिचें नांव. ती ५ मे २०२२ रोजीं सुरू झाली. कथेंतील काळाचा हिशेब असा आहे: पाइकचा तो पहिला नमुना-भाग इ. स. २२५४ मध्यें घडतो. नवी मालिका २२५९ पासून सुरू होते. कर्काची सफर २२६५ मध्यें आरंभते. आणि खुर्चींत बसलेला पाइक दिसतो तो २२६७ मध्यें. म्हणजे नव्या लेखकांना जी जागा मिळाली, तिचीं दोन्ही टोकें साठ वर्षांपूर्वींच रोवलेलीं होतीं, आणि त्यांतलें एकही हलविण्याची मुभा त्यांना नव्हती.

असे सांधे जुळवितांना कधीं कधीं ठिगळही लावावें लागतें. मूळ मालिकेंत क्लिंगॉन जातीच्या लोकांचें कपाळ आपल्यासारखेंच सपाट होतें. १९७९ च्या चित्रपटापासून त्यावर उंचवटे आले. हा फरक कां पडला, ह्याचें उत्तर 'एंटरप्राइझ' ह्या दुसऱ्या पूर्वकथेनें २००५ सालीं एका विषाणूची सांथ कल्पून दिलें. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'डिस्कव्हरी' मालिकेनें तर स्पॉकला एक मानलेली बहीण दिली. मग जुन्या मालिकेंत तो तिचें नांवही कसें घेत नाहीं? २०१९ मध्यें लेखकांनीं त्या बहिणीला तिच्या जहाजासह नऊशें वर्षें पुढच्या काळांत धाडलें आणि मागें राहिलेल्यांस त्याविषयीं अवाक्षर न काढण्याची आज्ञा झाली. हीं ठिगळें चतुराईचीं आहेत ह्यांत शंका नाहीं. तथापि त्यांनीं शंका फिटते. मन हलत नाहीं.

एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, पाइकचें पुढें काय होणार हें जर आधींच ठाऊक आहे, तर त्याची गोष्ट पाहावयाची तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे. लेखकांनीं त्याला दिलेलें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटलें. जें प्रेक्षकाला ठाऊक आहे, तें त्यांनीं पाइकलाही ठाऊक करून दिलें. 'डिस्कव्हरी' मालिकेंतच, सर्व जीवसृष्टि वांचविण्यासाठीं त्याला एक काल-स्फटिक हवा असतो. तो हातीं घेण्यापूर्वीं त्याला स्वतःचा अपघात, जळालेला चेहरा, ती खुर्ची, सर्व दिसतें. आणि स्फटिक नेलास तर हें भविष्य टळणार नाहीं, असेंही बजावण्यांत येतें. तरीही तो स्फटिक घेतो.

नवी मालिका येथून पुढें चालते. आरंभीं पाइक नोकरीपासून दूर, बर्फाळ माँटाना प्रांतांत एकटाच राहिलेला दिसतो. पुढें तो कामावर परत येतो व त्या कॅडेटांचीं नांवें मनांत जपून ठेवतो. पहिल्या मालाखंडाच्या शेवटच्या भागांत त्या मुलांना पत्र लिहून अपघात टाळावा असें तो ठरवितो. इतक्यांत भविष्यांतला वृद्ध पाइक येऊन त्या पत्राचा परिणाम त्याला दाखवितो. पाइक धडधाकट राहतो, यान कर्काकडे जात नाहीं, आणि मूळ मालिकेच्या डिसेंबर १९६६ मधील एका भागांत कर्कानें ज्या रोम्युलन जहाजाशीं गांठ घातली, त्याच्याशीं आतां पाइकची गांठ पडते. शांततेच्या आशेनें तो थांबतो. त्यांतून महायुद्ध पेटतें व स्पॉक कायमचा जायबंदी होतो. हें पाहिल्यावर पाइक पत्र धाडीत नाहीं.

आमच्या मतें हाच खरा सांधा होय. सनांचा मेळ हिशेबानें बसतो. परंतु १९६६ सालीं जें केवळ दुर्दैव म्हणून दाखविलें होतें, तें नव्या मालिकेनें पाइकची स्वतःची निवड करून टाकलें. आतां जुने भाग पुन्हां पाहिले, तर खुर्चींतला तो मुका मनुष्य आपल्याला निराळा दिसतो. त्याची आपणांस कींव येत नाहीं. त्याच्यापुढें मान लवते. जुन्या चित्रांतली एक रेघही न बदलतां त्याचा अर्थ बदलला.

आम्ही शिक्षक आहों; म्हणून असेल, पण पाइकनें ज्यांच्यासाठीं आगींत पाऊल घातलें तीं शिकाऊ मुलें होतीं, ही गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. तेव्हां विद्यार्थीमित्रहो, शेवट ठाऊक असलेली गोष्ट हातीं आली, मग ती पडद्यावरची असो कीं इतिहासाच्या पुस्तकांतली असो, ती बाजूला सारूं नका. काय झालें हें कळलेलें असतें, तेव्हांच कोणी काय निवडलें हें शांतपणें पाहतां येतें. आणि पालकांस आमची विनंती एवढीच कीं, सुटीच्या एखाद्या संध्याकाळीं मुलांच्या शेजारीं बसून ही पूर्वकथा आपणही पाहावी आणि पत्राच्या त्या प्रसंगीं त्यांना विचारावें, "तूं असतास तर काय केलें असतेंस?" त्या उत्तरांतून आपलें मूल आपणांस थोडें अधिक कळेल.